दोन फूट उंचीवरून

लिहायला बसलोय खरा, पण आधी एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. अजूनही कोणी ‘एकोणसत्तर’ म्हटलं की मी मनातल्या मनात बोटं मोजतो. पण मराठी विभागाच्या संपादकांनी मेसमध्ये गाठून सांगितलं, “तू लिही रे, ऱ्हस्व-दीर्घाचं आम्ही बघतो.” म्हणून हे धाडस. तेव्हा चुका सापडल्या तर त्यांना पकडा! दुसरी कबुली जरा मोठी आहे. ती पुढे येईलच.

आमचं घर रोह्याला. बाबा धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला, त्यामुळे माझं बालपण कंपनीच्या शिफ्टच्या भोंग्यावर गेलं. आजी मात्र पेणला, आमच्या जुन्या घरात. “मी काही तुमच्या ब्लॉकमध्ये येऊन कोंडून घेणार नाही,” हे तिचं ठरलेलं वाक्य. तर ही गोष्ट रोह्यात घडली आणि पेणला जाऊन संपली. (संपली असं आपलं मला वाटतं.)

गेल्या मे महिन्यात पेपर संपवून घरी गेलो तेव्हा ताई माहेरपणाला आली होती. बरोबर चिऊ, वय वर्षं शून्य, महिने नऊ. म्हणजे मी मामा झालो होतो, पण मामाला करावं काय लागतं हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हतं. चिऊ नुकतीच रांगायला लागली होती. तिला बेडच्या मध्यभागी ठेवलं, वळून पाण्याचा ग्लास उचलला आणि परत बघितलं, की ही काठावर! मी ताईला म्हटलंसुद्धा, “हिला कुठली मोटर बसवलीय?”

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ताई आणि आई बँकेत गेल्या. चिऊ नुकतीच झोपली होती. ताईने जाताना बजावलं, “अरे, ती उठली की सरळ कडेला येते. खोलीतून हलू नकोस.” मी म्हटलं, “ताई, मी मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे. इंजिनं सांभाळतो आम्ही!”

आणि लगेच कामालाही लागलो. घरातल्या सगळ्या उश्या, दिवाणावरचे दोन लोड, बाबांचा तक्क्या, सगळं गोळा करून चिऊच्या भोवती तटबंदी उभारली. स्वतःवर इतका खूश झालो की मोबाईलमध्ये फोटो काढला. फोटो काढताना कळलं की बॅटरी चार टक्के आहे. चार्जर बाहेरच्या खोलीत. दोन मिनिटांचं काम.

बाहेर गेलो, चार्जर लावला. मग एक मेसेज आला होता तो वाचला. मग दुसरा.

‘धप्प’ असा आवाज आला.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. त्याच्यापेक्षा वाईट होती ती त्याच्यानंतरची शांतता. सेकंदभरच असेल, पण त्या सेकंदात मी काय काय विचार केला ते लिहिण्यासारखं नाही. मग चिऊने जो टाहो फोडला तो ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी रडण्याचा आनंद झाला.

ती फरशीवर पालथी पडली होती आणि शेजारी माझ्या तटबंदीतली एक उशी. उशीने तिला अडवलं नव्हतंच. उलट ती उशीवर चढली आणि उशीसकट खाली आली. मी पायरी बांधून दिली होती.

उचललं, खांद्यावर घेतलं, फिरवलं. पाच-सात मिनिटांत ती शांत झाली आणि माझा शर्टाचा कॉलर चघळायला लागली. पण कपाळावर उजवीकडे लिंबाएवढी सूज. (‘टेंगूळ’ हा शब्द मला त्या दिवशी संध्याकाळी कळला. तोपर्यंत माझ्यासाठी तो ‘बम्प’ होता.) थंड पाण्यात रुमाल भिजवून लावला. सूज थोडी उतरली, पण दिसत होतीच.

आणि इथे ती दुसरी कबुली. मी ताईची बॅग उघडली, त्यातून चिऊचं टोपरं काढलं आणि तिच्या डोक्यात घालून भुवयांपर्यंत खाली ओढलं. मे महिन्यात. रोह्यात. ज्या उन्हात कावळासुद्धा सावली सोडत नाही, त्या उन्हात.

साडेबाराला दोघी आल्या. ताई म्हणाली, “हे काय रे, टोपरं?” मी म्हटलं, “पंख्याचं वारं लागत होतं तिला.” आई हसली. “बघा, मामाला किती काळजी!” मी पण हसलो. ते हसू घशात अडकल्यासारखं झालं, पण हसलो.

जेवणं झाली. मी मोबाईलवर ‘बाळ बेडवरून पडलं तर’ हे शोधून शोधून वाचत बसलो. सगळीकडे साधारण तेच होतं. बेशुद्ध झालं, झटके आले, कानातून किंवा नाकातून पाणी किंवा रक्त आलं, फार सुस्त झालं, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, तर ताबडतोब हॉस्पिटल. मी दर पाच मिनिटांनी चिऊकडे बघत होतो. ती मजेत होती.

तीन वाजता ताईने तिला दूध पाजलं आणि चिऊने ते सगळं ओकलं.

“उन्हाने झालं असेल,” आई म्हणाली. ताई म्हणाली, “हो, आणि जास्तच प्यायली आज.” दोघी अगदी निवांत होत्या. का नसणार? त्यांच्याकडे जी माहिती होती तिच्यावरून त्यांचा निष्कर्ष बरोबरच होता. चूक निष्कर्षात नव्हती, डेटामध्ये होती. आणि तो डेटा मी टोपऱ्याखाली झाकून ठेवला होता.

मित्रांनो, व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर माझी दातखिळी बसते हे आमच्या बॅचला माहीत आहे. पण त्या दिवशी “ताई, ती पडली होती” हे चार शब्द बोलायला जितका वेळ लागला तितका मला कुठल्याच उत्तराला लागला नसेल. शेवटी बोललो. ताई काहीच बोलली नाही. तिने टोपरं काढलं, टेंगूळ बघितलं आणि फोन उचलला.

डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी उघडायचा, पण फोनवर ऐकून त्यांनी लगेच बोलावलं. तिथे त्यांनी जे प्रश्न विचारले ते ऐका. किती वाजता पडली? किती उंचीवरून? खाली काय होतं, गादी की फरशी? पडल्यावर लगेच रडली का? किती वेळाने शांत झाली? त्यानंतर झोपली का? उलटी एकदाच की पुन्हा?

उलटीचा सोडून एकाही प्रश्नाचं उत्तर ताईकडे नव्हतं. सगळी उत्तरं एकट्या माझ्याकडे होती. मी बोललो नसतो, तर डॉक्टर काय तपासणार होते? उन्हाचा त्रास?

त्यांनी डोकं सगळीकडून हळूच दाबून बघितलं, बॅटरीने बाहुल्या तपासल्या, चिऊला खेळणं दाखवलं. मग म्हणाले, “आत्ता तरी काळजीचं काही दिसत नाही. सूज कपाळावर आहे, बाजूला किंवा मागे नाही, हे चांगलं. तीन फुटांच्या वरून पडली असती तर मी वेगळा विचार केला असता. चोवीस तास लक्ष ठेवा. झोपली तर झोपू द्या, पण मधूनमधून बघा, नेहमीसारखी हलते-उठते का. पुन्हा उलटी झाली किंवा काही वेगळं वाटलं तर थांबू नका, रात्र असली तरी निघा.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “उश्या कोणी लावल्या होत्या?” मी हात वर केला. (वर्गात करतो तसा!) “एक वर्षाच्या आतल्या बाळाजवळ मऊ उशी ठेवायची नाही. पडायचं राहू दे, तोंड उशीत रुतलं तर श्वास अडकतो. पडण्यापेक्षा ते वाईट.”

मी विचारलं, “मग बेडला कठडा लावला तर? ऑनलाईन मिळतो.” ते म्हणाले, “तो दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. लहान बाळ गादी आणि कठडा यांच्या फटीत सरकतं आणि अडकतं. बेड भिंतीला चिकटवला तरी तीच भीती, फट राहतेच.” म्हणजे माझे प्लॅन ए, बी आणि सी तिन्ही बाद!

त्या रात्री मी आणि ताई जागे होतो. अडीचच्या सुमारास, लाईट बंद, चिऊ दोघांच्या मध्ये, ताई हळूच म्हणाली, “पडली त्याचं काही नाही रे. माझ्या हातूनही पडली असती. पण तू टोपरं का घातलंस?”

या प्रश्नाला मार्क किती होते माहीत नाही. मी पेपर कोरा दिला.

चोवीस तास व्यवस्थित गेले. पुन्हा उलटी नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटाच गाडीत बसून पेणला निघालो, आजीकडे. खरं सांगायचं तर घरात तोंड दाखवायला नको वाटत होतं. नागोठणं गेलं, कासू गेलं. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब करत होतो, कारण आपल्याला दुसरं काय येतं?

बेडचा खोका १८ इंच, गादी ६ इंच, एकूण २४. म्हणजे साधारण ६० सें.मी. तेवढ्या उंचीवरून कुठलीही वस्तू खाली यायला लागतात ०.३५ सेकंद. माणसाने बघून नुसता हात हलवायला सुरुवात करायलाच पाव सेकंदाच्या आसपास जातो. म्हणजे मी खोलीत शेजारी बसलो असतो, तरी हाताच्या अंतरावर नसतो तर तिला पकडू शकलो नसतो. जमिनीला टेकताना वेग ताशी १२ किलोमीटरच्या वर, आरामात चाललेल्या सायकलीएवढा. त्यात लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने केवढं मोठं! जन्मतः लांबीचा जवळजवळ चौथा भाग डोक्याचाच असतो, मोठ्या माणसाचा सातवा-आठवा. जड डोकं आधी काठाबाहेर झुकतं, म्हणून पोर पडतं ते बऱ्याचदा डोक्यावरच.

आणि पडण्याची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात. २४ इंचांच्या जागी ४ इंच केले तर ऊर्जा सहापट कमी. शिवाय खाली काय आहे हेही महत्त्वाचं. फरशीवर थांबायला पाच मिलिमीटर मिळाले आणि जाड अंथरुणावर पाच सेंटिमीटर, तर झटका दहापट कमी. एवढं सगळं मला फर्स्ट इयरपासून येत होतं. वापरलं मात्र नव्हतं.

पेणला आजीच्या घराला लागून एक गणपतीचा कारखाना आहे. पेण म्हटलं की गणपती हे तुम्हाला सांगायला नकोच. मे-जूनमध्ये तर पेण आणि हमरापूरच्या बाजूला पाऊल टाकायला जागा नसते, सगळीकडे मूर्ती. आजी पूजेला बसली होती म्हणून मी आधी तिथे डोकावलो. शाडूच्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या. कारखान्यातले काका मला लहानपणापासून ओळखतात. बघितलं तर रंगवून तयार झालेल्या मूर्ती वरच्या फळ्यांवर आणि ओल्या, कच्च्या मूर्ती सगळ्यात खाली, जमिनीलगत फळीवर.

मी विचारलं, “काका, या खाली का? पाय लागेल ना कोणाचा.”

“अरे, पाय लागू नये म्हणून आपण बघून चालायचं,” ते म्हणाले. “कच्ची माती आहे ती. वर ठेवली आणि पडली तर संपली. मूर्तीला थोडंच कळतंय जपायचं?”

मी उगाच मान हलवली आणि आजीकडे गेलो.

आजीला सगळं सांगितलं. टोपऱ्यासकट. मला वाटलं होतं ती कपाळाला हात लावेल. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, “तुझा बाप ओटीवरून पडला होता. एवढाच होता, वर्षाचा आतबाहेर. मी विहिरीवर गेले होते. सासूबाईंना आठ दिवस सांगितलं नाही. भीतीने. रात्ररात्र त्याच्या नाकापाशी हात धरून बसायचे, श्वास चालतोय का म्हणून. काही झालं नाही, देवाची कृपा. पण ते आठ दिवस मी एकटीने काढले ना, ते अजून आठवतात.”

बाबा आता पंचावन्न वर्षांचे आहेत. आजीने ही गोष्ट त्यांनासुद्धा कधी सांगितली नव्हती!

मग मी विचारलं, “आजी, तुम्ही एवढी पोरं वाढवलीत, ती बेडवरून पडू नयेत म्हणून काय करायचात?”

आजी हसायला लागली. “बेड होता कुठे? पाळणा, तोही पोर उठून बसायला लागलं की बंद. मग सगळी खाली. एक सतरंजी, त्यावर दोन गोधड्या. लोळत लोळत पार दारापर्यंत जायची, पण पडणार कुठे? जमिनीवरून खाली जमीनच!”

तो पाळणा अजून माळ्यावर आहे. मी तो काढून घेतला आणि पट्टीने मोजला. (ब्रँचचा परिणाम!) दोन दांड्यांमधली फट साडेआठ सें.मी. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून बाळाच्या लाकडी पलंगाला नियम आहे, दांड्यांमध्ये साधारण ६ सें.मी.च्या वर फट चालत नाही, बाळाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं म्हणून. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणून तर आतून लुगडं गुंडाळायचो.” आमच्या आजीला नियम माहीत नव्हता, पण फट दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे जुनं तेच सोनं? मी पण तेच म्हणालो. तर आजीनेच मला थांबवलं. “खाली झोपण्यात सुख होतं असं नाही हो. पावसाळ्यात ओल यायची. आणि विंचू! अंथरूण झटकल्याशिवाय पोराला ठेवायचं नाही, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायची. खाटा काय हौसेने आल्या का?”

हे मात्र मला नवीन होतं. पण आपल्या रायगड जिल्ह्यात ते साधं दुखणं नव्हतं. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात कितीतरी जीव गेलेत, त्यात लहान मुलं फार. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर कसं उपयोगी पडतं हे दाखवलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्या बेडला मी शिव्या घालत होतो तो बेडसुद्धा कोणाच्या तरी भीतीवरचं उत्तर होता. एक धोका टाळायला माणूस दोन फूट वर गेला आणि तिथे दुसरा धोका वाट बघत होता. डिझाईनच्या सरांचं आवडतं वाक्य आहे, “फुकट काही मिळत नाही.” ते आजीच्या ओटीवर बसून कळलं.

रोह्याला परत आलो आणि बाबांना म्हटलं, “बेड काढूया.” आधी ते ऐकेनात, स्टोरेजमध्ये आईची सगळी भांडी होती! पण ताई म्हणाली, “चिऊ इथे आहे तोवर तरी.” मग दोघांनी मिळून खोका उचलून मागच्या खोलीत नेला. चार इंचांची कडक गादी चिऊसाठी जमिनीवर टाकली, भिंतीपासून चांगली दूर. भोवती सतरंजी आणि तिच्यावर आजीने दिलेल्या जाड गोधड्या, घट्ट ताणून कडा खाली दुमडलेल्या. उशी नाही, लोड नाही. वर मच्छरदाणी, चारी बाजूंनी खोचलेली. संध्याकाळी फरशी झाडून, अंथरूण झटकून. खालचे प्लगपॉईंट टेप लावून बंद. मोबाईल चार्जर त्याच खोलीत, उंचावर. हे सगळं झाल्यावर मी स्वतः जमिनीवर आडवा झालो आणि चिऊच्या उंचीवरून खोली बघितली. तेव्हा कपाटाखाली एक टाचणी दिसली. उभ्याने ती जन्मात दिसली नसती.

पहिल्याच रात्री चिऊ गादीवरून घरंगळली. चार इंच. गोधडीवर आली, डोळे न उघडता कूस बदलली आणि झोपली. मी जागाच होतो. ताईला उठवलं आणि सांगितलं, “पडली.”

“कुठे?”

“गोधडीवर.”

“बरं. झोप आता,” ताई म्हणाली. पण अंधारात ती हसत होती हे मला कळलं.

असो! लेख लांबला. मी काही कोणाला उपदेश करायला बसलो नाही, आमच्या बॅचमध्ये मला तो अधिकार कोणी देणारही नाही. पण एक सांगतो. पडण्याचं गणित मला येत होतं, ते वापरलं असतं तर चिऊ कदाचित पडली नसती. आणि पडल्यावर तिला खरा धोका दोन फुटांचा नव्हता. खरा धोका होता सकाळी पावणेबारा ते दुपारी तीनपर्यंतचा, जेव्हा ती पडली हे घरात एकट्या मला माहीत होतं आणि मी ते झाकून बसलो होतो. पोर पडलं तर डॉक्टर आहेत. पण पडलंच नाही असं ठरवलं तर डॉक्टर तरी काय करणार?

चिऊ आता चालते. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा पडते. रविवारी हॉस्टेलवर ताईचा फोन येतो तेव्हा सुरुवातीलाच रिपोर्ट असतो, “काल सोफ्यावरून, आज पायरीवरून. लगेच रडली, दोन मिनिटांत गप्प.”

आणि शेवटी, न चुकता, “टोपरं घातलेलं नाही!”

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी